नवऱ्याच्या नावावरचं व्याज, बायकोच्या वाट्याचा आयकर

गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एक गोव्यातल्या पेडण्यात, दुसरं महाराष्ट्रातल्या बांद्यात. दोन्हीकडे नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त, वय सदुसष्ट. बायको त्रेसष्टची, आयुष्यभर घर सांभाळलेली, स्वतःचं उत्पन्न नाही. दोन्ही गृहस्थांना महिना ७५,००० रुपये पेन्शन. फंड, ग्रॅच्युइटी वगैरेचे पैसे ठेवींत घातलेले, त्यावर वर्षाला ६ लाख रुपये व्याज, आणि सगळ्या ठेवी नवऱ्याच्या नावावर.

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी बांद्याच्या गृहस्थांना ९७,५०० रुपये आयकर बसतो. पेडण्याच्या गृहस्थांना शून्य.

पेडणेकरांनी काहीही लपवलेलं नाही. कुठली खास योजना घेतलेली नाही. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा सिव्हिल रजिस्ट्रारच्या पुस्तकात दोघांनी सह्या केल्या, एवढंच त्यांचं कर्तृत्व. गोव्यातल्या बऱ्याच पेन्शनरांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांतले निम्मे ते चुकीच्या फॉर्ममध्ये भरतात. म्हणून हा लेख.

पण आधी टीडीएसचा, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापून घेते त्या कराचा, घोळ मोडायला हवा, कारण व्याजावरच्या कराची निम्मी गैरसमजूत तिथूनच येते.

कापला म्हणजे कर लागला, असं नाही

बँकेने व्याजातून १० टक्के कापून घेतले की लोक म्हणतात, ‘आमचा कर बँकेनेच भरला.’ आणि कापले नाहीत तर म्हणतात, ‘आम्हाला कर लागत नाही.’ दोन्ही चूक. टीडीएस हा फक्त इसार आहे. सौदा किती रुपयांचा ते वर्षाअखेरीस तुमच्या एकूण उत्पन्नावरून ठरतं. इसार जास्त गेला असेल तर परत मिळतो, कमी गेला असेल तर उरलेले मोजावे लागतात.

इसार केव्हा घ्यायचा याचे नियम साधे आहेत. सेव्हिंग खात्याच्या व्याजावर टीडीएस कापतच नाहीत, मग व्याज कितीही असो. मुदत ठेव आणि रिकरिंगच्या व्याजावर कापतात, तोही एका बँकेतलं वर्षाचं व्याज ठरावीक मर्यादेपुढे गेलं तर. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांवरून १ लाख झाली. इतरांसाठी ती ५० हजार आहे. मर्यादा बँकेगणिक मोजतात, शाखेगणिक नाही. म्हणजे एकाच बँकेच्या फोंडा आणि मडगाव शाखांतली व्याजं एकत्र धरली जातात.

गोव्यात ठेवी विखरून ठेवण्याची सवय अलीकडे वाढली, त्याला कारणही आहे. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० साली रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ साली. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच. तेव्हा शहाण्या माणसाने चार बँकांत चार ठेवी केल्या तर त्याचं चुकलं नाही. फक्त मग एकाही बँकेत व्याज लाखाच्या वर जात नाही, कुणीच टीडीएस कापत नाही, आणि गृहस्थ समजतात की आपण कराच्या बाहेर आहोत. बँका मात्र व्याजाची माहिती आयकर खात्याला कळवतच असतात. सेव्हिंगचं व्याजसुद्धा. ती सगळी तुमच्या पॅनखाली ‘एआयएस’ नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात जमा होते. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून ते एकदा उघडून पाहा. स्वतःच्या ठेवी तुमच्यापेक्षा त्याला जास्त लक्षात असतात.

फॉर्म १५एच (२०२५-२६ पर्यंतचा; नव्या कायद्यात त्याच्या जागी वेगळ्या क्रमांकाचा फॉर्म आहे) याच इसारापुरता आहे. साठीवरील रहिवासी व्यक्तीचा वर्षाचा एकूण कर शून्य येणार असेल, तर ‘माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका’ असं बँकेला लिहून देण्याचा तो कागद. प्रत्येक बँकेत वेगळा, दरवर्षी नव्याने, आणि शक्य तितका एप्रिलातच द्यायचा. पहिल्या तिमाहीचं व्याज जमा झाल्यावर धावपळ करून त्या तिमाहीचे कापलेले पैसे बँक परत देत नाही. कर लागणार आहे हे माहीत असताना १५एच देणं हा मात्र गुन्हा आहे. काउंटरवरचा मुलगा ‘सगळेच देतात’ म्हणाला तरी सही आपली असते.

व्याज नक्की कुणाचं?

आता मूळ मुद्दा. देशात इतरत्र आयकराचा नियम असा की ज्याचे पैसे त्याचं व्याज. नवऱ्याने आपले पैसे बायकोच्या नावावर ठेवले तरी व्याज फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. बांद्याच्या गृहस्थांनी कर वाचवायला अर्ध्या ठेवी सौभाग्यवतींच्या नावावर केल्या असत्या तरी त्यांचे ९७,५०० सुटले नसते.

गोव्यात गणित वेगळं, कारण इथल्या लग्नाचा कायदा वेगळा. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, राज्यकर्ते गेले, पण संहितेचा कुटुंब आणि वारशाबाबतचा भाग भारतीय संसदेच्या १९६२ च्या कायद्याने चालू राहिला. या संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा हिस्सा असतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना हेच. आधीची मालमत्ता, नंतरची, बापाकडून आलेली, बहुतेक सगळं त्या एकाच पोतडीत.

मग त्या पोतडीवर आलेल्या व्याजावर कर कुणाला लावायचा? बरीच वर्षं यावर खटले चालले. नवरा-बायको मिळून एक ‘समूह’ धरायचा आणि त्या समूहाला कर लावायचा, असाही आयकर खात्याचा पवित्रा होता. शेवटी १९९४ साली आयकर कायद्यात कलम ५ए घातलं, तेही १ एप्रिल १९६३ पासून लागू असल्यासारखं, मागल्या तारखेने. (त्या कलमात पोर्तुगीज संहितेचं साल १८६० असं लिहिलंय. संहिता १८६७ ची. संसदेत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग कुणी दुरुस्तही केलं नाही.)

कलम सांगतं ते थोडक्यात असं: सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या नवरा-बायकोचं उत्पन्न त्या जोडीचं म्हणून धरायचं नाही. प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं आणि प्रत्येकाने आपापल्या निम्म्यावर आपापला कर द्यायचा. अपवाद एकच, पगार. पगार ज्याने कमावला त्याचाच.

आणि आयकर कायद्याच्या दृष्टीने पेन्शन म्हणजे पगार. त्यामुळे पेन्शन वाटली जात नाही. व्याज, घरभाडं, भांडवली नफा, धंद्याचं उत्पन्न मात्र वाटलं जातं. पेन्शनरांच्या घरात बहुधा पेन्शन आणि व्याज हीच दोन उत्पन्नं असतात, म्हणून एक वाक्य पाठ केलं तरी पुरे: पेन्शन ज्याची त्याची, व्याज दोघांचं.

पासबुकावर नाव कुणाचं, पहिला खातेदार कोण, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे का, याने इथे काही फरक पडत नाही. नावं बँकेच्या सोयीसाठी आहेत.

पेडणेकरांचा हिशेब

६ लाखांचं व्याज असं येतं समजा: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांची कमाल गुंतवणूक, ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० रुपये. एका बँकेतल्या मुदत ठेवींवर २,४०,०००. दुसऱ्या बँकेत ९०,०००. आणि सेव्हिंग खात्यावर २४,०००.

पेन्शन वर्षाची ९ लाख. नव्या करप्रणालीत पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, उरले ८,२५,०००. त्यात व्याजाचा निम्मा वाटा, ३ लाख. एकूण ११,२५,०००. नव्या प्रणालीचे दर असे: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, पुढे चढत २४ लाखांवर ३० टक्के. या हिशेबाने कर ५२,५०० होतो. पण एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर पूर्ण माफ होतो. म्हणून शून्य. पत्नीचं उत्पन्न ३ लाख, ते ४ लाखांच्या आतच. तिथेही शून्य.

बांदेकरांच्या डोक्यावर अख्खे ६ लाख. त्यांचं उत्पन्न १४,२५,०००, माफीच्या बाहेर. ४ ते ८ चे २०,०००, ८ ते १२ चे ४०,०००, वरच्या सव्वादोन लाखांचे ३३,७५०. झाले ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ९७,५००.

म्हणजे कलम ५ए हे गोवेकरांना दिलेलं बक्षीस आहे, असं कुणी म्हणेल. तसं नाही. वाटणी ऐच्छिक नाही. फायद्याची असेल तेव्हा करायची आणि तोट्याची असेल तेव्हा विसरायची, ही मुभा कायद्याने दिलेली नाही. दुसरं जोडपं घ्या, म्हापशाचं. नवऱ्याची पेन्शन महिना ६०,०००. बायको महाविद्यालयात प्राध्यापिका होती, तिची ९५,०००. नवऱ्याच्या नावावर ४ लाख व्याज. वाटणी नसती तर नवऱ्याचं उत्पन्न १०,४५,००० आणि बायकोचं १०,६५,०००, दोघंही १२ लाखांच्या आत, कर शून्य. वाटणी केल्यावर नवरा ८,४५,००० वर, मजेत. बायको १२,६५,००० वर.

१२ लाख ओलांडले की माफी जाते. पण लगेच कडेलोट होऊ नये म्हणून एक सवलत आहे, की १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न गेलं, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. बाईंचा तक्त्याप्रमाणे कर ६९,७५० येतो, पण वरचं उत्पन्न ६५,०००, म्हणून कर ६५,००० वर थांबतो. उपकर धरून ६७,६००. गोव्यात लग्न केल्याची ही किंमत. इथे ‘व्याज तर माझं एकट्याचं’ असं नवऱ्याने म्हटलं तर ते कायद्याला मान्य नाही.

बहुतेक घरांत पेन्शन याहून लहान असते. महिना चाळीस-पंचेचाळीस हजार पेन्शन आणि दोन-तीन लाख व्याज असेल, तर वाटा किंवा न वाटा, १२ लाखांच्या माफीमुळे कर शून्यच. अशांना वाटणीने एक रुपयाही वाचत नाही. पण टीडीएस कापला गेला असेल तर तो सोडवून घ्यायला रिटर्न लागतंच, आणि रिटर्न भरायचं तर कायद्याप्रमाणे वाटणी दाखवूनच भरायचं.

५० हजारांच्या वजावटीचं काय?

ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर ५०,००० रुपयांची वजावट मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कलम ८०टीटीबी. साठीच्या आतल्यांना ८०टीटीए खाली फक्त सेव्हिंगच्या व्याजावर १०,००० ची मिळते. ज्येष्ठांना सेव्हिंग, मुदत ठेव, रिकरिंग, पोस्टातल्या ठेवी, सगळ्यांवर मिळून ५०,०००. गोव्यात व्याज वाटलं गेल्यावर दोघंही साठीवर असतील तर दोघांनाही आपापल्या निम्म्यावर ही वजावट घेता येते. बायको सत्तावन्नची असेल तर तिला फक्त सेव्हिंगच्या वाट्यापुरती, १० हजारांपर्यंत. कंपन्यांतल्या ठेवी, रोखे यांचं व्याज यात बसत नाही. पतसंस्थेचंही धरू नका; कलमात ‘बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था’ असे शब्द आहेत.

पण हे सगळं जुन्या प्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. आणि माझं मत विचाराल तर आज साध्या पेन्शनराने या ५० हजारांच्या मागे लागण्यात अर्थ उरलेला नाही. पेडणेकरांनाच जुन्या प्रणालीत बसवून बघा. पेन्शन ९ लाख, त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००. व्याज ३ लाख. मग व्याजाचे ५०,०००, आरोग्य विम्याचे ५०,०००, बचतीचे दीड लाख, सगळं वजा केलं तरी ९ लाख उरतात. साठीवरील माणसाला जुन्या प्रणालीत ३ लाख माफ, ५ लाखांपर्यंत ५ टक्के, पुढे थेट २० टक्के. कर उपकरासह ९३,६००. नव्यात शून्य. वजावटींचा गठ्ठा जमवून दरवर्षी विम्याच्या पावत्या शोधणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. ऐंशीवरील व्यक्तींना जुन्यात ५ लाख माफ असतात, तरी १२ लाखांच्या माफीपुढे तेही फिकंच.

नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर रिटर्नमध्ये तसं निवडावं लागतं, तेही मुदतीच्या आत. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी बदलता येतं.

नव्या प्रणालीतही टिकून राहिलेली एक लहानशी सवलत पोस्टाच्या सेव्हिंग खात्याची: एकट्याच्या खात्यावर ३,५०० आणि संयुक्त खात्यावर ७,००० रुपयांपर्यंतचं व्याज करमुक्त. आणि एक धोका: शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर जो वेगळ्या दराने कर लागतो, त्याला १२ लाखांची माफी लागू होत नाही. व्याजाच्या हिशेबात तो मिसळू नका.

साठलेल्या व्याजाच्या ठेवींबद्दलही सांगायला हवं. पाच वर्षांनी एकरकमी पैसे देणारी ठेव असते, त्यात व्याज हातात शेवटी येतं, पण बँक दरवर्षी त्यावर टीडीएस कापते आणि दरवर्षी कळवतेही. ते व्याज वर्षावर्षाला दाखवत जावं. शेवटच्या वर्षी पाच वर्षांचं एकदम दाखवलं तर तेवढ्या एका वर्षी उत्पन्न १२ लाखांच्या वर उडी मारतं, आणि मधल्या वर्षांत कापलेल्या टीडीएसचा मेळही बसत नाही.

फॉर्म कुठला?

इथेच बहुतेक घरं घसरतात. पुण्याला किंवा बेंगळुरूला असलेला मुलगा शनिवारी रात्री बाबांचं रिटर्न भरून टाकतो. पोर्टल सगळे आकडे आधीच भरून देतं, पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न, तेव्हा तो निवडतो आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’. दहा मिनिटांत काम. पण कलम ५ए प्रमाणे ज्याचं उत्पन्न वाटायचं आहे त्याला आयटीआर-१ चालत नाही. त्याला आयटीआर-२.

आयटीआर-२ मध्ये सुरुवातीलाच विचारलेलं असतं, तुम्ही पोर्तुगीज नागरी संहितेखाली येता का. ‘हो’ म्हटलं की ‘शेड्यूल ५ए’ उघडतं. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन, आणि प्रत्येक प्रकारचं उत्पन्न किती आलं, त्यातलं जोडीदाराकडे किती गेलं, त्यावर टीडीएस किती कापला, त्यातला जोडीदाराच्या वाट्याला किती, असे रकाने असतात.

पेडणेकरांच्या बाबतीत बचत योजनेच्या व्याजावर २४,६०० आणि पहिल्या बँकेत २४,००० टीडीएस गेलेला असेल. दुसऱ्या बँकेत व्याज लाखाच्या आत, सेव्हिंगवर कापत नाहीत. एकूण ४८,६००. हा सगळा नवऱ्याच्या पॅनवर जमा आहे, पण व्याज निम्मं गेलं तसा टीडीएसही निम्मा जातो. २४,३०० त्यांचे, २४,३०० पत्नीचे. पत्नीच्या रिटर्नमध्ये टीडीएसच्या तक्त्यात ‘जोडीदार, कलम ५ए’ हा पर्याय निवडून नवऱ्याचा पॅन घालायचा, म्हणजे त्यांच्या खात्यावरून तो तिच्याकडे येतो. तिचं उत्पन्न ४ लाखांच्या आत असल्याने तिला एरवी रिटर्न भरायची गरज नव्हती. पण भरलं नाही तर ते २४,३०० सरकारजमाच राहतील.

नवऱ्याने नुसतंच निम्मं व्याज दाखवलं आणि शेड्यूल ५ए भरलं नाही, तर खात्याच्या संगणकाला एवढंच दिसतं की एआयएसमध्ये ६ लाख आहेत आणि माणूस ३ लाख सांगतोय. मग नोटीस येते, आणि घरात चार दिवस कुणी नीट जेवत नाही.

पत्नीचा पॅन हवा, तो आधारशी जोडलेला हवा. निष्क्रिय पॅनवर टीडीएस २० टक्क्यांनी जातो. जुन्या गोवेकरांच्या कागदांत आणखी एक गाठ असते: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काही. हे जुलैत निस्तरायला घेतलं तर होत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल, त्याच फेरीत हे काम सुरू करा. लग्नाच्या नोंदीचा दाखलाही काढून ठेवा. ‘आम्ही या संहितेखाली येतो’ याचा पुरावा तोच.

ऐंशी पार केलेल्यांना कागदावर रिटर्न देण्याची सवलत आहे, पण ती फक्त आयटीआर-१ आणि आयटीआर-४ साठी. म्हणजे गोव्यातल्या आजी-आजोबांची जोडी शाबूत असेल तर त्यांना ऑनलाइनच भरावं लागणार. पंचाहत्तरीनंतर कर माफ होतो, हा समजही खोटा. पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच, सरकारने ठरवलेल्या बँकेतून येत असेल आणि दुसरं काहीच उत्पन्न नसेल, तर बँकेला घोषणापत्र देऊन रिटर्न भरण्यातून सुटका होते. कर लागत असेल तर तो बँकच कापते. दुसऱ्या बँकेत एक लहानशी ठेव असली, तिचं व्याज आलं, की ही सोय गेली. ज्येष्ठांना खरोखर मिळालेली मोठी सवलत म्हणजे आगाऊ कर भरण्यातून सूट. धंदा नसेल तर तिमाहीचे हप्ते नाहीत. जो निघेल तो रिटर्नआधी एकदाच भरायचा.

हे कुणाला लागू नाही

लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार झालेला असेल तर ही वाटणी नाही. निवृत्तीनंतर मुंबईहून किंवा बेळगावहून येऊन पर्वरीला फ्लॅट घेतला म्हणूनही ती लागू होत नाही. प्रश्न राहण्याचा नाही, लग्न कुठल्या कायद्याखाली आहे त्याचा आहे. उलट डिचोलीत लग्न नोंदवून तीस वर्षं ठाण्यात राहिलेलं जोडपं केवळ पत्ता बदलल्याने त्यातून बाहेर पडत नाही. एक जण गोव्याचा, दुसरा बाहेरचा, लग्न बाहेर झालेलं, अशी मिश्र प्रकरणं असतात. त्यांनी वकिलाचं मत एकदा लेखी घेऊन फाइलला लावावं. दरवर्षी पक्ष बदलणं हे सगळ्यात वाईट.

आणि एक जण गेल्यावर वाटणी संपते. त्यानंतर मागे राहिलेल्याला मिळणारी फॅमिली पेन्शन ही पगार धरली जात नाही, ती ‘इतर उत्पन्न’ असते. तिच्यावर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत नाही; पेन्शनचा एक-तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांत कमी असेल ते. कितीतरी विधवा बायकांच्या रिटर्नमध्ये सवयीने ७५,००० टाकलेले असतात. गेलेल्या माणसाच्या नावावरच्या ठेवींत निम्मा हिस्सा तिचा स्वतःचा, उरलेला निम्मा वारसांचा, आणि त्याचा निकाल इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कारवाईत, लागतो. बँकेने नॉमिनी म्हणून सगळे पैसे तिच्या हाती दिले म्हणजे ती सगळ्याची मालकीण झाली, असं होत नाही. वारसांच्या वाट्याच्या व्याजाचा हिशेब वेगळा ठेवावा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ या दोहोंऐवजी ‘करवर्ष’ म्हणू लागले. पण गोव्याच्या जोडप्यांची वाटणी नव्या कायद्यातही आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने, याच क्रमांकांनी भरायचं. एरवी त्याची मुदत ३१ जुलै असते. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, नाहीतर भरलंच नाही असं धरतात, आणि हे दोघांच्याही रिटर्नला वेगवेगळं करावं लागतं. पत्नीचा परतावा तिच्या स्वतःच्या पॅनशी जोडलेल्या, पोर्टलवर तपासून घेतलेल्या खात्यातच येतो. तिचं तसं खातं नसेल तर रिटर्नला बसण्याआधी ते उघडून घ्या.